सात कमानी

आमच्याकडे एक काळी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात माझं नाव आणि रँक; रँक दोनदा खरवडून नव्याने लिहिलेली. त्याखाली बायकोच्या अक्षरात एकच शब्द: पडदे.

फौजी घरातल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. दर दोन-अडीच वर्षांनी बदली होते, नवं घर मिळतं आणि कुठल्याही दोन घरांच्या खिडक्या एका मापाच्या नसतात. लग्नाला १७ वर्षं झाली, हे आमचं नववं घर. ट्रंकेत जोधपूरचे जाड पडदे आहेत, उन्हासाठी घेतलेले. तेजपूरचे पातळ आहेत, त्यांवर बुरशीचे ठिपके अजून दिसतात. आखूड पडले त्यांना खालून वेगळ्या रंगाची पट्टी जोडलीय, लांब झाले ते दुमडून टीप मारलीय. एका पडद्यावर तर तीन गावांच्या तीन शिंप्यांची शिवण आहे. नवं घर मिळालं की ही आधी ट्रंक उघडते, मग स्वयंपाकघर. खिडकीला पडदा लागला की घर लागलं, असा तिचा हिशेब.

या वेळी मात्र ट्रंकेतला एकही पडदा चालला नाही.

पोस्टिंग आली होती महूची. त्याआधीची अडीच वर्षं मी नियंत्रण रेषेवर होतो. ही आणि लेक उत्तरेतल्या एका छावणीत एसएफ क्वार्टरमध्ये राहत होत्या, म्हणजे नवरा फील्डमध्ये असलेल्या कुटुंबांसाठी राखलेल्या घरांत. अडीच वर्षांनंतर तिघं एका छताखाली येणार होतो. लेक दहावीत गेली होती आणि माझ्यापेक्षा दोन बोटं कमी एवढी उंच झाली होती.

महू म्हणजे जुनी छावणी. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर इंग्रजांनी ही छावणी वसवली. मराठी माणसाचं या गावाशी अधिक जवळचं नातं वेगळं आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी बाबासाहेबांचा जन्म झाला. एप्रिलमध्ये महाराष्ट्रातून इतकी माणसं येतात, की बाजारात दोन दिवस आपली भाषा ऐकू येते.

आम्हाला मिळालेलं घर जुन्या बांधणीचं होतं. पुढे व्हरांडा, भिंती हातभर जाड, छत इतकं उंच की पंख्याचा दांडा माणसाएवढा. आणि खिडक्या सात, सातही कमानीच्या. खाली उघडझाप होणारी लाकडी तावदानं, त्यांच्या वर एक आडवी लाकडी पट्टी आणि त्या पट्टीवर काचेचा अर्धचंद्र.

मराठीत आपण कमान म्हणतो. इकडे हिंदीत कमान म्हणजे धनुष्य, नाहीतर हुकमत. मी युनिटच्या टेलरमास्टरांना बोलावून म्हणालो, "मास्टरजी, घर में सात कमान हैं, नाप लेना है." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे बघून म्हणाले, "अच्छा, मेहराब, साहब?" बायको आतून म्हणाली, "या घरात कमान एकच आहे आणि ती माझ्या हातात आहे."

तेव्हा मी हसलो होतो.

पडद्यांचं काम या वेळी मी करायचं, असं मीच जाहीर केलं. अडीच वर्षं घराचं काहीच केलं नव्हतं, तेव्हा एवढं तरी करावं, ही भावना खरी होती. पण करायचं कसं? आम्हाला अकादमीपासून एकच पद्धत शिकवलेली. खडकवासल्याला तीन वर्षं सुदान ब्लॉकच्या कमानींसमोरून सायकली घेऊन पळालो, पण कमानीला पडदा कसा लावावा हे तिथे कुणी शिकवलं नाही. अप्रिसिएशन लिहायला मात्र चांगलं शिकवलं. तेव्हा वही घेऊन बसलो: उद्दिष्ट, घटक, उपलब्ध पर्याय, शिफारस.

पर्याय एक. कमानीच्याही वर सरळ दांडा लावायचा आणि पूर्ण खिडकी झाकेल असा जमिनीपर्यंतचा पडदा सोडायचा. यात दांडा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर जास्त लांब लागतो, नाहीतर पडदा सारला तरी कापड कमानीचे खांदे झाकूनच राहतं.

पर्याय दोन. दांडा आडव्या पट्टीच्या पातळीवर लावायचा, म्हणजे कमान जिथून वळायला सुरुवात होते तिथे. खाली पडदा, वरचा अर्धचंद्र उघडा.

पर्याय तीन. कमानीच्या आकाराचा वाकवलेला दांडा करून घ्यायचा आणि त्यावर चुण्यांचं कापड बसवायचं. दिसायला सगळ्यांत देखणं. पण वाकड्या दांड्यावर पडदा सरकत नाही. वर तो कायमचा टाचलेला राहतो, खालून फक्त पट्ट्याने बाजूला बांधता येतो. खोलीत उजेड नेहमी निम्माच येणार.

पर्याय चार. वरच्या अर्धचंद्राला तेवढं वेगळं कापड, मधल्या बिंदूपासून पंख्यासारख्या चुण्या पसरवून बसवायचं. गुंडाळीचे पडदे आणि चिका या यादीत घेतल्याच नाहीत. त्या चौकोनी असतात, वर्तुळात बसत नाहीत.

माझी शिफारस पहिल्या पर्यायाची होती. पूर्ण खिडकी झाकणारा पडदा आणि आतून उजेड अडवणारं काळं अस्तर. कारण म्हणून मी लिहिलं होतं, ‘उन्हापासून संरक्षण, खाजगीपणा’. खरं कारण वहीत लिहिलं नव्हतं. तेव्हा मलाही ते धड ठाऊक नव्हतं.

मास्टरजी मापं घ्यायला लागले आणि पहिला धक्का बसला. सात खिडक्या, सात मापं. एक कमान पूर्ण अर्धगोल, शेजारची किंचित चपटी, बैठकीतली एक तर डावीकडे दोन बोटं बसलेली. "साहब, सातों अलग हैं," मास्टरजी म्हणाले. त्या काळी कमान बांधताना खाली लाकडी साचा ठेवत, त्यावर विटा पाचरीसारख्या रचत आणि चुना धरला की साचा काढून घेत. शंभर-सव्वाशे वर्षांत पाया जरा खचतो, गिलावा पाच वेळा चढतो आणि मूळ गोल हरवतो. फूटपट्टीचा उपयोग नाही, हे कळल्यावर मास्टरजींनी खाकी कागद मागितला. प्रत्येक अर्धचंद्रावर कागद दाबून नखाने कड उमटवली, कापून घेतला आणि मागे नंबर टाकला. कमानीचं माप घ्यायचं तर असंच घ्यावं.

मग कापडाचा हिशेब. ढोबळ माप म्हणजे खिडकी ४ फूट रुंद, पट्टीपर्यंत ५ फूट उंच, वर २ फुटांची कमान, खिडकीखाली अडीच फूट भिंत. चुण्यांसाठी दांड्याच्या लांबीच्या दुप्पट कापड लागतं. पहिल्या पर्यायात ६ फुटी दांड्याला १२ फूट रुंदी, म्हणजे ४८ इंची पन्ह्याचे तीन पट्टे, प्रत्येकी साडेदहा फूट. एका खिडकीला साडेनऊ मीटरच्या वर, सातांना ६७ मीटर, आणि तेवढंच अस्तर. दुसऱ्या पर्यायात सगळं मिळून २६ मीटरमध्ये भागत होतं. बायकोने आकडे बघितले आणि वही माझ्याकडे सरकवली. बोलली काहीच नाही.

दांड्यासाठी भोक पाडायला मीच शिडीवर चढलो. ड्रिल लावलं आणि तळहाताएवढा गिलावा खाली आला. आत चुन्यातली वीट. असल्या भिंतीत प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, भोक रुंद होत जातं आणि दांडा लोंबायला लागतो. शिवाय ती वीट कमानीच्या रांगेतलीच होती, आणि कमानीच्या विटा एकमेकींना दाबून भार पेलतात. तिथे ड्रिल चालवणं हा शहाणपणा नव्हे. वर, घर सरकारचं. सोडताना मार्च-आऊटला एमईएसवाले भिंत न् भिंत बघणार आणि तो खड्डा माझ्या नावावर लागणार.

शिडीवर उभा असताना एक गोष्ट दिसली. आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना भिंतीत लाकडाचे जुने ठोकळे बसवलेले होते आणि त्यांवर पुटीने बुजवलेली कितीतरी भोकं होती. माझ्याआधी या घरात राहून गेलेल्या बहुतेकांनी दांडा तिथेच लावला होता. कमानीच्या वर प्रयत्न केल्याच्या खुणा दोनच. त्यातली एक माझी.

तरी मी ऐकलं नाही. पहिली रात्र आली तेव्हा बेडरूमच्या दोन्ही खिडक्यांवर मी चादरी ताणून बांधल्या आणि वरच्या अर्धचंद्रांना काळं प्लास्टिक चिकटवलं. सकाळी लेक दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, ही खोली आहे की बंकर?"

तिने चेष्टेत म्हटलं. पण मी बंकरच बनवत होतो. चौकीवर उजेडाची शिस्त असते. रात्री काडीसुद्धा विचार करून पेटवायची. बंकरच्या दाराला दुहेरी कांबळी, फट दिसली की आधी ती बुजवायची, मग बाकीचं. अडीच वर्षं रोज झोपण्यापूर्वी मी सगळ्या फटी बघून यायचो. महूला आल्यावर पहिल्या आठवड्यात रात्री दोनला जाग आली आणि समोरच्या भिंतीवर कमानीच्या आकाराचा चांदण्याचा तुकडा दिसला. हात आपोआप उशीखाली गेला. तिथे काही नव्हतं, अर्थात. त्यानंतर पहाटेपर्यंत मी त्या तुकड्याकडे बघत पडून राहिलो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याऐवजी अप्रिसिएशन लिहिलं होतं.

प्लास्टिक तीन दिवस राहिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर ते निघालेलं होतं, नीट घडी करून टेबलावर ठेवलेलं. ही व्हरांड्यात बसली होती.

मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ती म्हणाली, "बस. एक सांगायचं राहिलंय."

एसएफ क्वार्टरमधलं आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं, समोर छावणीचा रस्ता. एका दुपारी, कुणी घरी यायची वेळ नसताना, एक जिप्सी हळू आत आली. पुढे स्टेशनचे एक अधिकारी, मागे दोन बायका. रस्त्यावरच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी खिडकीशी होतं. अशी गाडी कशासाठी येते, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत असतं. प्रत्येकजण फक्त ती कुठे थांबते ते बघत असतं. ती आमच्या जिन्यापाशी मंदावली, मग पुढे गेली आणि समोरच्या ब्लॉकपाशी थांबली.

"त्या घरातली मुलगी आपल्या लेकीच्या वर्गात होती," ही म्हणाली. "मी त्यांच्याकडे गेले, रात्रभर तिथेच होते. दुसऱ्या दिवशी घरी आले आणि रस्त्याकडचे सगळे पडदे ओढून घेतले. तुझं पोस्टिंग संपेपर्यंत उघडले नाहीत. दिवसा दिवे लावून राहिलो आम्ही. तुला फोनवर म्हणायचे, इथे ऊन फार आहे म्हणून."

मला आठवलं. जानेवारीत ती मला ऊन फार आहे म्हणून सांगायची आणि मी हसायचो.

"आता मला बंद खिडकी नको," ती म्हणाली. "तुला झोप लागत नाही हे मला कळतं. दोन वाजता तू जागा असतोस तेव्हा मीही जागी असते. पण वरची कमान तरी उघडी राहू दे. तिच्यातून रस्ता दिसत नाही. फक्त आकाश दिसतं."

बराच वेळ आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. मग मी वही आणली आणि शिफारस बदलली.

पुढचं काम तिने केलं, मी फक्त शिडी धरली. दांडे जुन्या ठोकळ्यांवर बसले, भिंतीला नवं भोक पडलं नाही. कापड इंदूरच्या कापडबाजारातून आणलं, जाडसर सुती, ताकाच्या रंगाचं. आणण्याआधी दोन मीटर धुवून वाळवून बघितलं, कारण सुती कापड आटतं आणि आधी शिवलं तर पहिल्या धुण्यात पडदा चार बोटं वर जातो. बैठकीच्या दोन खिडक्या पश्चिमेच्या. माळव्यातली रात्र कितीही गार होवो, मे महिन्यातलं चारचं ऊन त्या अर्धचंद्रांतून थेट सोफ्यावर येतं. तिथे चौथा पर्याय घेतला, पंख्यासारख्या चुण्यांचं पांढरं कापड. खाकी कागदाच्या साच्यावरून मास्टरजींनी ते असं बसवलं की डावीकडे बसलेली कमान सरळ वाटायला लागली.

दक्षिणेच्या दोन खिडक्यांना वर काहीही लावायची गरज नव्हती. जूनमध्ये इथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि व्हरांड्याचं छप्पर त्याला अडवतं. डिसेंबरात तो कलतो आणि ऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं. बांधणाऱ्याने हे आधीच बघून ठेवलं होतं.

पूर्वेच्या बेडरूमसाठी आम्ही महेश्वरला गेलो. अहिल्याबाईंनी जिथे विणकर वसवले ते गाव इथून दीड-दोन तासांवर. घाटावर बसून लेकीने नर्मदेच्या लाटा आणि साडीच्या काठावरची लहर ताडून बघितली. बायकोने साध्या महेश्वरीचं कापड घेतलं. ताण्यात रेशीम, बाण्यात सूत, म्हणून हलकं आणि किंचित चमकणारं. विणकराने बजावलं होतं की रेशमाला थेट ऊन सोसत नाही, धागा कुजतो. म्हणून बाहेरच्या बाजूने सुती अस्तर लावलं. त्या अस्तराने खालची खिडकी रात्री पूर्ण अंधारते. वरचा अर्धचंद्र उघडा.

माझ्यासाठी एक तडजोड होती. मास्टरजींचे बेडरूमचे दोन साचे मी पुठ्ठ्यावर चिकटवून घेतले. कमानीत ते बरोबर बसतात. ज्या रात्री नको वाटेल त्या रात्री लावायचे, सकाळी काढायचे. सुरुवातीला रोज लावायचो. पंधरा-वीस दिवसांनी एका नाइट एक्सरसाइजहून उशिरा परतलो, शिडी काढायचा कंटाळा आला आणि तसाच झोपलो. जाग आली तेव्हा पावणेसहा झाले होते आणि भिंतीवर उन्हाची कमान होती. लेक पलीकडच्या खोलीत इतिहासाचं काहीतरी मोठ्याने पाठ करत होती.

पूर्ण बरं झालं असं म्हणणार नाही. अजूनही महिन्यातून एखाद-दोनदा पुठ्ठे चढवतो. ती शिडी धरते, विचारत नाही.

निवृत्त होऊन पुण्यात, साताऱ्यात घर बांधणारे माझे काही सीनियर हौसेने कमानीच्या खिडक्या काढतात आणि नंतर पडद्यांचं काय म्हणून फोन करतात. सर, माझं आता ठरलेलं उत्तर आहे. माप कागदाच्या साच्याने घ्या. दांड्यासाठी कमान वळते त्या पातळीला भिंतीत लाकूड बांधतानाच बसवून घ्या. पश्चिमेची कमान झाका, बाकीच्या सोडा. आणि ठरवण्याआधी मॅडमना विचारा, त्यांना कुठली खिडकी उघडी हवी आहे आणि का. मी हे शेवटी विचारलं, ते आधी विचारायला हवं होतं.

पुढच्या वर्षी बहुधा इथूनही हलू. मार्च-आऊटला कमानीवरचा तो खड्डा निघेल आणि त्याचे पैसे मी मुकाट भरेन. पडदे ट्रंकेत जातील. पाच फुटी पडदे पुढच्या घराला आखूडच पडणार, हे ठरलेलं आहे. हिने आतापासूनच खाली जोडायला त्याच रंगाचं दोन मीटर कापड बाजूला ठेवलंय. पुठ्ठ्याच्या कमानी मात्र दुसऱ्या कुठल्याही खिडकीत बसणार नाहीत. त्या इथेच टाकून जाऊ, असं मी म्हणालो.

"बघू," ती म्हणाली, आणि त्या ट्रंकेच्या तळाशी सपाट बसतात का ते मापून बघितलं. बसतात.